मोहोपाड्याहून बी.एस्सी.

2000 सालच्या आसपास मोहोपाड्यात ‘विद्यापीठ कुठलं?’ असं कोणी विचारत नसे. रायगड जिल्हा मुंबई विद्यापीठाचा, विषय संपला. प्रश्न असे तो कॉलेजचा, आणि तोही पनवेलची लोकल कितीची मिळते यावर सुटायचा. रसायनीतल्या एचओसी या सरकारी रसायन कंपनीमुळे इथल्या घरांत केमिस्ट्रीला मान होता. मार्क बरे पडले की इंजिनीअरिंग. फिजिक्स किंवा मॅथ्स घेऊन बी.एस्सी. म्हणजे पोराचं काहीतरी बिनसलं असणार, असा शेजाऱ्यांचा निष्कर्ष.

तरी हट्टाने घेणारे होतेच. जवळ पनवेलचं महात्मा फुले कॉलेज, लांब माटुंग्याचं रुइया. रुइया म्हणजे सकाळची एसटी, पनवेलहून हार्बर, कुर्ल्याला गाडी बदला. लेक्चरं निभावतात, मारते ती प्रॅक्टिकल्सची दुपार. सोडियमचा दिवा पुरता पिवळा होईस्तोवर थांबा, शुस्टरच्या पद्धतीने स्पेक्ट्रोमीटर जुळवा, आणि रीडिंग जरा जमू लागलं की परतीच्या गाडीची वेळ. गणितवाल्यांचं बरं, त्यांना वही आणि खिडकीची जागा पुरते. मला विचाराल तर फिजिक्ससाठी कॉलेजच्या नावाआधी हॉस्टेल बघावं. म्हणूनच काहींनी घाट चढून पुण्याचं फर्ग्युसन गाठलं. रँग्लर परांजप्यांचं कॉलेज म्हटलं की आजोबांची परवानगीही लवकर मिळे.

खरा फरक पडला तो पुढे. 2006 मध्ये पुण्यात आयसर ही विज्ञान शिक्षणाची आणि संशोधनाची संस्था आली. 2007 मध्ये त्याच धर्तीवर भुवनेश्वरला नायसर आणि कलिन्यात मुंबई विद्यापीठ व अणुऊर्जा विभागाचं सीबीएस. सलग पाच वर्षांचा अभ्यासक्रम, प्रवेश देशपातळीवरच्या परीक्षेने. कलिना तेच, विद्यापीठ तेच, पण आता पत्त्याचा उपयोग नव्हता. त्यातच 2008 पासून विज्ञान शिकणाऱ्यांसाठी इन्स्पायर शिष्यवृत्तीचे वर्षाला 80 हजार रुपये. घरातले कितीतरी वाद या एका आकड्याने मिटले असतील! अडचण होती खबरीची. क्लासमध्ये सीईटी आणि जेईईचाच गजर. नायसर-सीबीएससाठी नेस्ट नावाची परीक्षा असते हे कळेपर्यंत फॉर्मची तारीख उलटलेली.

2017 मध्ये केंद्राने एचओसीचा रसायनी कारखाना बंद करायचं ठरवलं. वाचला तो नायट्रोजन टेट्रॉक्साइडचा प्लांट, कारण इस्रोच्या रॉकेटमधल्या विकास इंजिनाला ते लागतं; तो इस्रोकडे गेला. इस्रो दारात आली खरी, पण हॉस्टेलची फी भरणारे पगार गेले. अशा घरांत शिष्यवृत्ती मिळते का, हा पहिला प्रश्न झाला.

आता नव्या शिक्षण धोरणातल्या चार वर्षांच्या पदवीने आणखी एक निवड पुढ्यात टाकली आहे. तीन वर्षांनी बाहेर पडून एम.एस्सी. करायची, की चौथं वर्ष संशोधनाला द्यायचं? त्या चौथ्या वर्षासाठी आपल्या कॉलेजात मार्गदर्शक आणि उपकरणं आहेत का, हे प्रवेश घेतानाच विचारावं लागतं, आणि बारावीच्या पोराला ते सुचत नाही.