दुपारचा पाहुणा आणि टोपलीतली भाकरी



खुरपणीचे दिवस आहेत. दुपारी एकच्या सुमारास बांधावरून पाहुणे येताना दिसतात. चूल विझलेली. टोपलीत रात्रीच्या तीन-चार भाकरी, पातेल्यात भात, वाटीभर बटाट्याची भाजी. पुष्कळ घरांत अशा वेळी पाहुण्याला ताजं रांधून वाढतात आणि शिळं मागाहून घरची बाई एकटीच खाते. तसं करायची गरज नाही. उरलेल्यातून सगळ्यांना पुरेल असं वीस-पंचवीस मिनिटांत होतं. मात्र काय घ्यायचं आणि काय टाकायचं, हे आधी कळलं पाहिजे.

भाकरी कोरडी असते म्हणून टिकते. रात्रीची ज्वारी-बाजरीची भाकरी, बुरशी किंवा आंबूस वास नसेल तर, खुशाल घ्या. भाताचं तसं नाही. तांदळातले काही जंतू शिजवल्यावरही बीजरूपानं जिवंत राहतात. भात तासन्‌तास कोमट राहिला की ते वाढतात आणि विष तयार करतात. हे विष पुन्हा फोडणी दिल्यानं जात नाही आणि त्याचा वासही येत नाही. म्हणून रात्रभर पातेल्यात राहिलेला भात पाहुण्याला देऊ नका, घरच्या पोरांनाही नको. टाकताना जिवावर येतं खरं, पण उलट्या-जुलाब त्याहून महाग पडतात. भात उरणार असं दिसलं की लगेच परातीत पातळ पसरून गार करा. फ्रीज असेल तर तासाभरात आत ठेवा आणि दुसऱ्या दिवशी संपवा. नसेल तर बेतानंच शिजवा.

आता कुस्करा. चौघांसाठी तीन भाकरी हातानं बारीक कुस्करा आणि त्यावर अर्धी वाटी ताक शिंपडून ठेवा. कढईत दोन-तीन चमचे तेल, मोहरी, जिरं, चार हिरव्या मिरच्या, हळद आणि दोन मोठे कांदे. कांदा लाल झाला की भाकरी व मीठ घालून पाच मिनिटं झाकण ठेवा. वाफ आली की मधे आळं करून चार फेटलेली अंडी ओता. लगेच हलवू नका, थोडी धरू द्या. मग सगळं एकत्र परता. ओलसर बलक दिसता कामा नये. वरून कोथिंबीर.

अंडी आधी पाण्यात टाकून पाहा. तळाशी आडवं राहिलं ते ताजं. उभं राहिलं ते जुनं, पण पूर्ण शिजवून चालतं. तरंगलं ते टाका. प्रत्येक अंडं वेगळ्या वाटीत फोडा, नाहीतर एका खराब अंड्यापायी चारही जातात.

पाहुणे माळकरी असतील तर विचारून घ्या आणि अंड्याची कढई वेगळी ठेवा. त्यांच्यासाठी सकाळचीच भाजी, वास पाहून, कुस्करायची, कालची नको. तीत दोन वाट्या ज्वारीचं पीठ, अर्धी वाटी बेसन, ओवा, तिखट, मीठ आणि चिरलेली मेथी घालून घट्ट मळा. तव्यावर तेल सोडून थालीपीठं थापा, मधे भोक पाडा आणि झाकण ठेवून दोन्ही बाजूंनी खरपूस भाजा. सोबत दही किंवा शेंगदाण्याची चटणी. भाजी नसेल तर नुसत्या कांद्यावरही थालीपीठ उत्तम होतं.

आणि हो, पाहुण्यांना हातपाय धुवायला पाणी द्यायच्या आधी चूल पेटवा, म्हणजे तेवढ्यात कांदा चिरून होतो.