रात्रीचं अंगण, दुपारी न्यू जर्सीत

कोकणात रात्रीचे २ वाजतात तेव्हा आमच्याकडे न्यू जर्सीत उन्हाळ्यात दुपारचे साडेचार. गावच्या घरी आई-बाबा दोघंच. म्हणून कॅमेरा ठरवताना मी चिपळूणच्या दुकानदाराला फोनवर एकच विचारलं, "रात्री चालत येणारा माणूस ओळखू येईल का?"

तो ८ मेगापिक्सेलचं कौतुक सांगत बसला. पण सेन्सर तेवढाच ठेवून मेगापिक्सेल वाढवले की प्रत्येक पिक्सेलच्या वाट्याला उजेड कमी येतो. अंधारात सेन्सर मोठा हवा आणि लेन्सचं तोंडही मोठं. एफ/१.० ची लेन्स एफ/२.० च्या चौपट उजेड आत घेते. मी ४ मेगापिक्सेलचाच, पण असा कॅमेरा घेतला.

नमुना मागाल तर चालत्या माणसाचा मागा. अंधारात शटर जास्त वेळ उघडं राहतं. उभ्या स्कूटरचा नंबर सुरेख दिसतो, चालणाऱ्याचा चेहरा मात्र फरफटतो. इन्फ्रारेडवर सगळं काळं-पांढरं, शर्टाचा रंग कळत नाही. त्यात समोर कोळ्याचं जाळं आलं की पांढरा पडदाच! म्हणून अंगणात एक छोटा दिवा रात्रभर चालू असतो, कॅमेऱ्यापासून लांब, म्हणजे किडे तिकडे जातात. राउटरही इन्व्हर्टरवर घेतलाय.

बाबांची अट एकच: ओटी दिसता कामा नये. "मी रात्री विडी ओढतो, ते अमेरिकेत कशाला दिसायला हवं?"