चांदीचं कडं, गंधकाचं पाणी आणि जपानमधलं परवडणारं हॉटेल

जपानच्या भागानंतर सगळ्यात जास्त मेसेज एकाच प्रश्नाचे आले: "दादा, गरम पाण्याच्या झऱ्याचं हॉटेल आपल्याला परवडतं का?" परवडतं. पण आधी माझ्या कड्याची गोष्ट सांगतो, कारण या विषयातलं मला जे काही कळलं ते त्या कड्यामुळेच कळलं.

मी हुपरीचा. आमच्याकडे चांदी म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. आटणीचा वास आणि घुंगरांचा आवाज, यातच आमचं बालपण गेलं. मी दहावी झालो तेव्हा बाबांनी स्वतःच्या हातानं एक कडं बनवून माझ्या हातात घातलं. ते मी कधी काढलं नव्हतं.

कामानिमित्त फुकुओकाला होतो. जोडून सुट्टी आली म्हणून ट्रेननं दोन तासांवरच्या बेप्पूला गेलो. बेप्पू म्हणजे गरम पाण्याचं गाव. तिथे दोन हजारांहून जास्त झरे आहेत, गल्लीच्या गटारातूनसुद्धा वाफ येते. स्टेशनजवळचं एक बिझनेस हॉटेल मिळालं, एका रात्रीचे साडेआठ हजार येन. आपले साधारण पाच हजार रुपये.

आता एवढ्यात हे कसं बसतं? खोली बघितली की कळतं. पलंग, टेबल आणि बॅग उघडायला पलंगावरचीच जागा! ही हॉटेलं फिरतीवरच्या नोकरदारांसाठी असतात. खोलीवर खर्च कमी करायचा आणि सगळ्यांसाठी एकच मोठं स्नानगृह करायचं, असा हिशेब. झरा नसलेल्या शहरातसुद्धा अशी हॉटेलं आहेत. तिथे हजार मीटर किंवा त्याहून खोल बोअर मारतात. दर शंभर मीटरला जमीन साधारण तीन अंशांनी तापत जाते, त्यामुळे पाणी गरमच वर येतं. काही ठिकाणी तर चक्क टँकरनं झऱ्याचं पाणी आणतात. डॉर्मी इन नावाची साखळी यासाठी प्रसिद्ध आहे. ते रात्री साडेनऊ ते अकरा फुकट नूडल्सही देतात. शाकाहारी असाल तर रश्श्याची चौकशी आधी करा. बिलात बऱ्याच ठिकाणी माणशी 150 येन अंघोळीचा कर दिसेल. ती फसवणूक नाही, तो खरंच कर आहे.

आता तुम्हाला पडलेला खरा प्रश्न. हो, कपडे सगळे काढायचे. चड्डीसुद्धा. बायका-पुरुषांची स्नानगृहं वेगळी असतात. पहिल्या दिवशी मी कपडे बदलायच्या खोलीत दहा मिनिटं उगाच टॉवेलची घडी घालत उभा होतो. पंचगंगेत पोहलेला माणूस मी, पण हे वेगळंच! मग एक सत्तरीचे आजोबा आले, निवांत कपडे काढले, टोपलीत ठेवले आणि आत गेले. कुणी कुणाकडे बघतच नाही. आधी छोट्या स्टुलावर बसून साबणानं स्वच्छ अंघोळ करायची, मगच हौदात उतरायचं. हौद अंग घासायला नाही, नुसतं बसायला आहे. छोटा टॉवेल पाण्यात बुडवायचा नाही, डोक्यावर ठेवायचा. फोन खोलीतच ठेवून जायचं. अंगावर टॅटू असेल तर बुकिंगआधी विचारून घ्या, बऱ्याच ठिकाणी चालत नाही.

त्या रात्री कडं हातातच होतं. काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी बसनं अर्ध्या तासावरच्या म्योबान भागात गेलो. तिथे गवताच्या झोपड्यांत, जमिनीतून येणाऱ्या वाफेवर 'युनोहाना' नावाचे स्फटिक तयार करतात. थेट एदो काळापासून. सगळीकडे सडक्या अंड्यासारखा वास. तिथल्या पाण्यात अर्धा तास बसलो, बाहेर येऊन हात पुसला तर कडं पाटीसारखं काळं!

पोटात गोळा आला. हॉटेलवर येऊन बाबांना व्हिडिओ कॉल लावला. ते कामावरच बसलेले. कॅमेऱ्यासमोर कडं धरलं. दोन सेकंद बघितलं आणि म्हणाले, "अरं, गंधक लागलंय. चांदी कुठं जाती? पाणी गंधकाचं हाय, हे नाकाला कळलं न्हाई व्हय?"

कळलं होतं. डोक्यात शिरलं नव्हतं. चांदी आणि गंधक जुळले की वर सिल्व्हर सल्फाइडचा काळा थर बसतो. खालची चांदी शाबूत असते. ऑक्सिडाइज्ड दागिने आपण मुद्दाम असेच काळे करतो. जपानी कारागीरही करतात, त्याला 'इबुशी-गिन' म्हणतात. वरून भपका नाही पण हातात पक्की कला आहे, अशा माणसालाही तिकडे हाच शब्द लावतात.

मग हॉटेलच्या पाण्यानं का काही झालं नाही? काउंटरवर विचारलं तर त्यांनी एक छापील कागद दिला. फोननं भाषांतर केलं. मिठाचं, म्हणजे क्लोराइडचं पाणी. गाव एक, पाणी दोन!

हा कागद तुम्ही प्रत्येक ठिकाणी वाचा. 1948 च्या जपानी कायद्यानुसार पाणी उगमापाशी 25 अंश किंवा जास्त गरम हवं, नाहीतर ठरलेल्या 19 घटकांपैकी एक तरी पुरेसा हवा. म्हणजे थंड पाणीही कायद्यानं 'ओन्सेन' असू शकतं! 2004 मध्ये नागानोच्या शिराहोने इथे पाणी दुधाळ दिसावं म्हणून पावडर टाकत असल्याचं उघड झालं आणि देशभर गदारोळ झाला. तेव्हा 2005 पासून साधं पाणी मिसळलंय का, वेगळं तापवलंय का, तेच पाणी फिरवून वापरतात का, औषध टाकलंय का, हे लिहून लावावं लागतं. स्वस्त हॉटेलात बहुतेक वेळा पाणी फिरवलेलं आणि क्लोरीनचं असतं. दिवसभर चालून पाय दुखत असतील तर तेही सुखच देतं. पण झऱ्याचं पाणी म्हणून जास्त पैसे मोजताना आधी तो कागद बघा.

कड्याचा उपाय बाबांनीच सांगितला. भांड्यात ॲल्युमिनियमची फॉइल, त्यावर कडं, वरून गरम पाणी आणि खायचा सोडा. गंधक चांदी सोडून ॲल्युमिनियमला चिकटतो. खड्याच्या किंवा मुद्दाम काळ्या केलेल्या दागिन्यांना हे करू नका. मी अर्धंच साफ केलं. आतली बाजू अजून काळी आहे.

परत आल्यावर बाबांना घेऊन अणुस्कुरा घाटानं राजापूरजवळच्या उन्हाळ्याला गेलो. तिथेही गंधकाचं गरम पाणी आहे. मांडी घालून काम करून त्यांची कंबर धरते, म्हणून मुद्दाम नेलं. गाडीतून उतरायच्या आधीच त्यांनी स्वतःची अंगठी काढली, माझं कडं मागितलं आणि दोन्ही रुमालात बांधून शर्टाच्या खिशात ठेवलं. अंघोळ झाल्यावर म्हणाले, कंबर जरा सैल वाटतीय. मी लगेच जपानचं तिकीट काढायचा विषय काढला.

"तिथं खरंच सगळी तशीच बसत्यात?"

"हो बाबा."

"मग तू जा आत. मी भाईर बसून कडं सांभाळतो."