माळ्यावरचा चरखा आणि गावचे वाचनालय

आपल्या गोठ्यात किंवा माळ्यावर एखादी जुनी तिफण पडली असेल. ती खाली काढा आणि घरातल्या पोरांना तिचे भाग विचारा. दिंड, फण, चाडे, नळ्या, मागे बांधायचा सरता. किती नावे सांगता येतील? पेरणी ट्रॅक्टरने होऊ लागली, यात वाईट काही नाही. पण तिफणीबरोबर सुताराचे काम गेले आणि कामाबरोबर शब्दही चालले.

आपली शिकती पोरे नागपूरला जातात. कुणी प्रताप नगराकडे खोली घेतो, अभ्यासिकेत बसून परीक्षेची पुस्तके वाचतो. वाचायलाच हवीत. पण तिथून पाऊणशे किलोमीटरवर, वर्ध्याला, पुस्तक आणि कारागिरी यांची गाठ कशी पडली तेही त्यांना सांगितले पाहिजे.

गांधीजी १९१५ साली आफ्रिकेतून परतले, तोवर त्यांनी चरखा डोळ्यांनी पाहिलाही नव्हता. आश्रमात हातमाग सुरू झाला, पण हाताने सूत कातणारे कोणी मिळेना. अखेर गंगाबहेन मजमुदार या बाईंनी शोध घेत घेत बडोदे संस्थानातले विजापूर गाठले. तिथे घरोघर चरखे होते. पण निरुपयोगी म्हणून माळ्यावर टाकलेले! पेळू आणून दिले आणि सूत विकत घेतले, तर आम्ही कातू, असे तिथल्या बाया म्हणाल्या. चरखे खाली आले. मगनलाल गांधींनी चरख्यात सुधारणा केल्या आणि विणण्याची विद्या ‘वणाट शास्त्र’ या पुस्तकात उतरवली. ते १९२८ साली वारले. त्यांच्या नावाचे मगन संग्रहालय ३० डिसेंबर १९३८ रोजी वर्ध्यात गांधीजींच्या हस्ते उघडले. ग्रामोद्योगाची अवजारे व वस्तू तिथे आजही पाहता येतात.

यात दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. विद्या लिहून ठेवली, हे एक. कातणारीचे सूत विकत घेतले, हे दुसरे. पहिल्यावाचून विद्या हरवते, दुसऱ्यावाचून कारागीर उपाशी राहतो.

आपल्याकडे लिहिलेले थोडेथोडके नाही. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ च्या ‘गावगाड्या’त बलुतेदार-अलुतेदारांची कामे आणि हक्क सापडतात. दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशात अवजारांचे शब्द आहेत. मात्र बांबू केव्हा तोडावा, सुपाची कड कशी वळवावी, हे बुरडाच्या बोटांतच असते. ते कोशात कुठून येणार?

इथे गावचे वाचनालय उपयोगी पडते. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याने शासनमान्य सार्वजनिक वाचनालयांना अनुदान मिळते. वर्तमानपत्रांशेजारी एक जाड वही ठेवा. महिन्यातून एका संध्याकाळी सुतार, कुंभार, बुरूड, विणकर यांपैकी एकाला मानाने बोलवा. त्याने काम करून दाखवावे, शाळेतल्या मुलांनी नावे, मापे आणि रीत लिहून घ्यावी, चित्र काढावे. हल्ली मोबाइलवर चित्रफीतही घेता येते. वाचनालयाने तिची एक प्रत जपून ठेवावी. घरातल्या म्हाताऱ्या बायांनाही विसरू नका. गोधडीचे टाके आणि चुलीची घडण त्यांच्याचपाशी आहे.

आणि त्या संध्याकाळी उठताना बुरडाला नुसता नारळ देऊन वाटेला लावू नका. दोन सुपे आणि एक टोपली सांगा, आणि पैसे तिथेच हातावर ठेवा.