उणे वीस अंशांतील करवत

सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत असलेल्या माणदेशातील म्हसवडला अंटार्क्टिकाचे संशोधन दूरचे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु माणदेशाला वारंवार हुलकावणी देणाऱ्या मोसमी वाऱ्यांचा उगम दक्षिण हिंदी महासागरात, मस्कारेन बेटांजवळील उच्च दाबाच्या क्षेत्रात आहे, आणि त्या महासागराचे हवामान अंटार्क्टिकापासून वेगळे काढता येत नाही. हा संबंध तपासायचा तर दीर्घ नोंदी हव्यात, आणि अंटार्क्टिकातील उपकरणांच्या सलग नोंदी बहुतांशी 1957-58 च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षापासूनच्याच आहेत. त्याआधीचा काळ बर्फातच वाचावा लागतो.

गोव्यात वास्कोच्या हेडलँड सडा येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रात हे वाचन चालते, आणि त्याचा मोठा भार पीएच.डी. करणाऱ्या तरुण संशोधकांवर असतो. हिमगाभा, म्हणजे पोकळ छिद्रकाने हिमस्तरातून काढलेला बर्फाचा दंडगोल, उणे 20 अंश सेल्सिअसच्या शीतकक्षात करवतीने काही सेंटिमीटरच्या तुकड्यांत कापला जातो. हाताळणीत दूषित झालेला बाहेरचा थर तासून टाकावा लागतो, कारण घामातील मिठाचा अंशही सोडियमची नोंद बिघडवतो, आणि समुद्रावरून आलेल्या वाऱ्यांची चाहूल तर त्या सोडियमवरूनच घ्यायची असते. आतला स्वच्छ भाग वितळवून त्यातील ऑक्सिजनच्या समस्थानिकांचे, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या निरनिराळ्या वस्तुमानाच्या अणूंचे, प्रमाण काढतात. उन्हाळी हिमात जड अणू तुलनेने जास्त आणि हिवाळी हिमात कमी असल्याने या चढउतारांवरून एकेक वर्ष मागे मोजत जाता येते. मोजणी ताडून पाहण्यास ज्वालामुखी उपयोगी पडतात: 1815 च्या तांबोरा उद्रेकाची सल्फेटची खूण अंटार्क्टिकाच्या बर्फात ठळक उमटलेली आहे.

किती तासायचे आणि तडकलेला तुकडा ठेवायचा की नाही, हे करवतीपाशी उभ्या असलेल्याच्या नजरेवर अवलंबून असते, आणि वितळलेल्या पाण्यातून थर पुन्हा मिळत नाहीत. म्हणूनच या तरुणांना केवळ मदतनीस समजणे चूक आहे.

आधीच्या पिढीत नागपूरच्या सागरशास्त्रज्ञ अदिती पंत 1983-84 च्या भारतीय मोहिमेत भूवैज्ञानिक सुदीप्ता सेनगुप्ता यांच्यासह अंटार्क्टिकावर गेल्या. भारतीय मोहिमेतून तेथे पोहोचलेल्या या दोघी पहिल्या महिला. पुढील आंतरराष्ट्रीय ध्रुवीय वर्ष 2032-33 मध्ये ठरलेले आहे आणि त्या वेळी आज शीतकक्षात असलेली पिढीच मोहिमा आखण्याच्या वयाची असेल. मात्र संशोधन शिष्यवृत्ती सहसा पाच वर्षांत संपते, आणि अंटार्क्टिकाच्या एका उन्हाळ्यात काढलेला गाभा गोव्यात आणून, कापून, मोजून, त्याचा काळ निश्चित करण्यातच त्यातील मोठा हिस्सा खर्ची पडतो.