पडशाच्या गोळ्या : नांवें अनेक, द्रव्य एकच

शहरांतील बहुतेक सुशिक्षित घरांत औषधांचा म्हणून एक डबा असतो. त्यांत अर्धवट राहिलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या, गेल्या पावसाळ्यांत आणलेली खोकल्याची बाटली आणि नाकांत घालावयाचे थेंब असा संचय झालेला असतो. घरांत कोणास चार शिंका आल्या कीं डबा उघडतो आणि ज्याच्या हातीं जें लागेल तें रोग्यास मिळतें. डॉक्टरांच्या चिठ्ठीवांचून मिळणारें औषध म्हणजे निरुपद्रवी औषध, अशी समजूत या व्यवहाराच्या मुळाशीं आहे. नेमलेल्या मात्रेंत व नेमलेल्या मुदतीपुरतें घेतल्यास तीं औषधें बहुतेकांना सोसतात, हें खरें. परंतु मात्रा मोजावयाची कशी, हेंच पुष्कळांना ठाऊक नसतें.

आरंभीं या औषधांकडून काय अपेक्षा करावी तें पाहिलें पाहिजे. पडसें हा एकच एक रोग नव्हे. त्यास कारण होणारे विषाणू दोनशेंहून अधिक प्रकारचे असून त्यांत ऱ्हायनोव्हायरस नांवाच्या विषाणूंचा भरणा सर्वांत मोठा आहे. प्रौढ माणसाचें पडसें सात ते दहा दिवसांत आपोआप ओसरतें. खोकला मात्र कधीं कधीं तीन आठवडेहि रेंगाळतो. दुकानांत मिळणारी कोणतीहि गोळी हा काळ कमी करीत नाहीं. ती ताप उतरविते, अंगदुखी कमी करिते, वाहतें नाक थोडें आवरते. फ्लू हा याहून निराळा. तो इन्फ्लुएन्झाच्या विषाणूनें होतो, तडकाफडकीं येतो आणि हुडहुडी, मोठा ताप व सांधे मोडल्यासारखी अंगदुखी घेऊन येतो. त्याच्यावर विषाणूविरोधी औषध आहे; पण तें डॉक्टरांनीं द्यावयाचें आणि पहिल्या अठ्ठेचाळीस तासांत सुरू झालें तरच त्याचा चांगला उपयोग. ॲन्टिबायॉटिक औषधें या दोहोंवरहि चालत नाहींत, कारण तीं जंतूंवर चालतात, विषाणूंवर नव्हे. मागील आजारांत उरलेल्या चार गोळ्या पडशावर खपविणें हा निव्वळ अपव्यय नसून अपायहि आहे.

आतां पडशाच्या गोळीचें अंतरंग पाहूं. जाहिरातींत तिचें एकच झळकतें नांव दिसत असलें तरी आंत बहुधा तीन-चार द्रव्यें एकत्र केलेलीं असतात. तापासाठीं व दुखण्यासाठीं पॅरासिटामॉल. वाहत्या नाकासाठीं क्लोरफेनिरामिन किंवा त्याच्या जातीचें दुसरें एखादें. चोंदलेल्या नाकासाठीं फेनिलेफ्रिन. आणि कित्येकदां सुस्ती घालविण्यासाठीं थोडें कॅफीन. यांतील मुख्य लक्ष ठेवावयाचें तें पॅरासिटामॉलवर, कारण तें सर्वत्र आहे.

या द्रव्याचा इतिहास मोठा चमत्कारिक आहे. जर्मनींत व्हॉन मेरिंग यानें १८९३ मध्यें तें रोग्यांना देऊन पाहिलें होतें. परंतु पुढें सुमारें अर्धें शतक तें अडगळींत पडलें. १९४८ मध्यें अमेरिकेंत ब्रॉडी आणि ॲक्सेलरॉड यांनीं दाखवून दिलें कीं, त्या काळीं वापरांत असलेल्या ॲसेटॅनिलाइड या ताप उतरविणाऱ्या औषधाचा गुण वस्तुतः शरीरांत त्याचें पॅरासिटामॉल होतें म्हणून येतो. त्यानंतर त्याचा प्रसार झपाट्यानें झाला. आज क्रोसिन, कॅलपॉल, डोलो अशीं त्याचीं नांवें घरोघर मुलांनाहि पाठ आहेत. क्रोसिन आणि डोलो हीं दोन निराळीं औषधें आहेत असें मानणारे मात्र अनेक आहेत, आणि एकानें गुण आला नाहीं म्हणून दोन तासांनीं दुसरें घेणारेहि आहेत.

निरोगी प्रौढ माणसानें चोवीस तासांत ४००० मिलिग्रॅमहून अधिक पॅरासिटामॉल घेऊं नये, ही सर्वमान्य मर्यादा आहे. दोन मात्रांमध्यें निदान चार तासांचें अंतर हवें. ही मर्यादा मोठी वाटते. ती ओलांडली जाणें कठीण, असेंहि वाटतें. एक साधें गणित मांडून पाहावें. साठीच्या एका गृहस्थांना ताप व पडसें आलें आहे. तापासाठीं ते ६५० मिलिग्रॅमची गोळी दिवसांतून चार वेळां घेतात. बेरीज २६०० झाली. पडशासाठीं संयुक्त गोळी तीन वेळां, तींत प्रत्येकीं ५००. म्हणजे आणखी १५००. येथेंच मर्यादा ओलांडली गेली. शिवाय गुडघेदुखीची त्यांची नेहमींची गोळी सकाळ-संध्याकाळ चालूच आहे, आणि तींतहि वेदनाशामक द्रव्याच्या जोडीला ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल आहे. एकूण ४७५० मिलिग्रॅम. गृहस्थांच्या हिशेबीं त्यांनीं तीन रोगांवर तीन औषधें घेतलीं आणि एकाचीहि मात्रा चुकविली नाहीं! ज्यांचें वजन कमी, वय फार, यकृत दुबळें किंवा ज्यांना मद्याची संवय, त्यांची मर्यादा तर चार हजारांच्या पुष्कळच अलीकडे असते. ती डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावी.

अधिक मात्रेनें होतें काय? पोटांत गेलेल्या पॅरासिटामॉलचा बहुतेक भाग यकृत निर्विष करून मूत्रावाटे बाहेर घालवितें. थोड्या भागापासून मात्र एक विषारी पदार्थ तयार होतो. यकृताजवळ ग्लुटाथायोन नांवाच्या द्रव्याची शिल्लक असते, ती हें विष जागच्या जागीं मारून टाकते. मात्रा वाढली कीं शिल्लक संपते आणि मग विष यकृताच्या पेशींवरच उलटतें. तापांत ज्यानें दोन दिवस धड अन्न घेतलेलें नाहीं त्याची ही शिल्लक आधींच खालावलेली असते. यांतील खरी भयानक गोष्ट ही कीं, पहिल्या दिवशीं रोग्यास फारसें कांहींच वाटत नाहीं. थोडी मळमळ, थोडा घाम; आणि तीं लक्षणें तर पडशांतहि असतातच. उजव्या बरगडीखालीं दुखूं लागणें, कावीळ दिसणें हा प्रकार दुसऱ्या-तिसऱ्या दिवसानंतरचा. उलट ॲसिटिलसिस्टीन हा जो यावरील उतारा आहे, तो आठ तासांच्या आंत मिळाल्यास सर्वांत गुणकारी ठरतो. तेव्हां मात्रा अधिक गेली असें ध्यानांत येतांच, रोगी बरा दिसत असला तरी, त्यास तडक रुग्णालयांत नेलें पाहिजे.

हें गणित करावयाचें तर पट्टीच्या पाठीवरचीं बारीक अक्षरें वाचावीं लागतात. दर्शनी बाजूचें मोठें नांव कंपनीचें असतें. द्रव्यांचीं नांवें व त्यांचें प्रमाण खालीं लहान अक्षरांत छापलेलें असतें. त्यांत आपल्याकडील एक रूढी आड येते. गिऱ्हाइकानें दोनच गोळ्या मागितल्या कीं दुकानदार कात्रीनें पट्टी कापून देतो, आणि त्या तुकड्यावर कधीं नांव अर्धें, कधीं मुदतीची तारीखच नाहीं! असा तुकडा डब्यांत गेला कीं महिन्याभरानें तो कशाचा हें कोणीच सांगूं शकत नाहीं. पूर्ण पट्टी घ्यावी, हें बरें. तें न जमल्यास तुकडा लिफाफ्यांत घालून वर नांव, प्रमाण आणि तारीख लिहावी. निनावी गोळी टाकून देण्यांत कंजूषपणा करूं नये.

क्लोरफेनिरामिनाची गोष्ट निराळी. त्यानें झोंप येते. कित्येकांना ही झोंप सुखाची वाटते. परंतु तें घेऊन मोटारसायकल चालविणें किंवा यंत्रापुढें उभें राहणें धोक्याचें आहे, आणि त्यावर मद्य घेणें अधिकच. वृद्ध पुरुषांत ज्यांना प्रोस्टेट ग्रंथीचा त्रास आहे त्यांची लघवी यानें अडूं शकते. कांचबिंदूच्या कांहीं रोग्यांचा डोळ्यांतील दाब वाढूं शकतो. घरांतील आजोबा पडशाची गोळी घेऊन रात्रीं उठतांना तोल जाऊन पडले, तर दोष नेहमींच म्हातारपणाचा नसतो.

फेनिलेफ्रिनाविषयीं थोडक्यांत सांगावयाचें तर, तोंडावाटे घेतलेलें हें द्रव्य चोंदलेलें नाक मोकळें करतें यास पुरावा नाहीं, असें अमेरिकेच्या औषध-नियामक संस्थेच्या सल्लागार मंडळानें सप्टेंबर २०२३ मध्यें एकमतानें ठरविलें. गुण संशयास्पद असला तरी रक्तदाबाच्या, हृदयरोगाच्या व थायरॉइडच्या रोग्यांनीं त्या जातीचीं औषधें डॉक्टरांना विचारल्याखेरीज घेऊं नयेत, ही सूचना कायम आहे. नाकांत घालावयाच्या झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिन यांच्या थेंबांनीं नाक खरोखरच मोकळें होतें, आणि तेंच त्यांचें संकट! तीन ते पांच दिवसांहून अधिक काळ ते वापरले तर थेंब बंद करतांच नाक पूर्वींपेक्षां अधिक चोंदतें, आणि माणूस महिनोन् महिने त्या बाटलीचा बांधील होऊन बसतो.

पावसाळ्यांत आणि त्यानंतरच्या महिन्यांत महाराष्ट्रांतल्या शहरांना आणखी एक भय असतें. आरंभीं फ्लू वाटणारा ताप डेंग्यूचा निघूं शकतो. अशा वेळीं ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक पोटांत गेल्यास रक्तस्राव होण्याची भीति वाढते. म्हणून तापाचें कारण ठरेपर्यंत मर्यादेंतील पॅरासिटामॉलवरच थांबणें सुरक्षित. ॲस्पिरिन तर सोळा वर्षांखालील मुलांस तापांत कधींच देऊं नये. त्यामुळें यकृत व मेंदू यांवर आघात करणारा, राय यांच्या नांवानें ओळखला जाणारा, विरळ पण घातक विकार उद्भवूं शकतो.

मुलांच्या बाबतींत सर्वच हिशेब निराळा होतो. प्रौढांची अर्धी गोळी म्हणजे मुलाची मात्रा नव्हे; मुलाची मात्रा त्याच्या वजनावर ठरते, एका किलोस सुमारें १० ते १५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल. बाटल्यांतहि फेर असतो. एका बाटलींत पांच मिलिलिटरांत १२० किंवा १२५ मिलिग्रॅम, तर दुसरींत तितक्यांतच २५०. तान्ह्या मुलांच्या थेंबांच्या बाटलींत तर एका मिलिलिटरांत १०० मिलिग्रॅम, म्हणजे पांच मिलिलिटरांत ५००. पातळ औषधाच्या हिशेबानें थेंबांची बाटली ओतली तर लेंकरास चौपट औषध जातें. स्वयंपाकघरांतील चमचे तर एकाच घरांत तीन मापांचे असतात; बाटलीबरोबरचें टोपण किंवा मापाची पिचकारीच वापरावी.

पडशा-खोकल्याच्या पातळ औषधांविषयीं सरकारनेंहि इशारे दिलेले आहेत. क्लोरफेनिरामिन व फेनिलेफ्रिन यांचें मिश्रण चार वर्षांखालील मुलांस देऊं नये, असें वेष्टनावर छापण्याचा आदेश भारताच्या औषध-नियंत्रकांनीं डिसेंबर २०२३ मध्यें दिला. पुढें २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरांत मध्यप्रदेशांतील छिंदवाडा जिल्ह्यांत खोकल्याच्या औषधानें मूत्रपिंडें निकामी होऊन वीसाहून अधिक मुलें दगावलीं. त्यांतील कित्येकांना उपचारासाठीं नागपुरास आणलें होतें. तपासणींत त्या औषधांत डायएथिलीन ग्लायकॉल हें विष शेंकडा चाळिसांहून अधिक प्रमाणांत आढळलें. हा दोष औषध बनविणाऱ्याचा, आईबापांचा नव्हे. परंतु ज्या साध्या खोकल्यास औषध नसतें तरी चाललें असतें, त्यासाठीं हीं मुलें गेलीं, ही गोष्ट मनास घरें पाडते. त्याच ऑक्टोबरांत केंद्रीय आरोग्य-सेवा महासंचालनालयानें कळविलें कीं, दोन वर्षांखालील मुलांना पडशा-खोकल्याचीं औषधें देऊंच नयेत आणि पांच वर्षांखालील मुलांसहि सामान्यतः देऊं नयेत.

मग लहान मुलास द्यावें काय? नाकांत मिठाच्या निर्जंतुक पाण्याचे थेंब, अंगावरचें दूध किंवा कोमट पेज, आणि वर्षाचें वय पुरें झालेलें असल्यास रात्रीं थोडा मध. वर्षाखालील मुलास मात्र मध मुळींच नको. त्यांतून क्वचित् बॉट्युलिझम नांवाची जीवघेणी विषबाधा होते. उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर मुलास वाफारा देण्याची पद्धत सोडून द्यावी, कारण तींत पडशापेक्षां भाजण्याचा धोका मोठा.

धाप लागणें, श्वासागणिक मुलाच्या बरगड्या आंत ओढल्या जाणें, ओठ निळसर दिसणें, भ्रम होणें, ताप तीन दिवसांनींहि न हटणें किंवा एकदां उतरून पुन्हां जोरानें चढणें, यांतील कांहींहि दिसलें तर डबा बंद करून डॉक्टरांकडे जावें. गर्भवती स्त्रियांनीं, तसेंच रक्त पातळ होण्याचीं किंवा मनोविकारावरचीं औषधें चालू असणारांनीं तर पहिली गोळी घेण्यापूर्वींच विचारावें. जातांना घेतलेल्या सर्व गोळ्यांच्या पट्ट्या, गुडघ्याच्या आणि झोंपेच्या धरून, बरोबर न्याव्या. प्रत्येकीचा शेवटचा डोस केव्हां घेतला ती वेळ एका कागदावर लिहून द्यावी.