मिशन चालायचं कसं?

भोकर हे तसं कडेचं गाव. मुदखेडहून निघालेली रेल्वे भोकरवरून किनवटच्या जंगलाकडे आणि पुढे आदिलाबादला जाते. दुसऱ्या अंगाला भैंसा, निजामाबाद. आठवडी बाजारात मराठी, तेलुगू, उर्दू आणि तांड्यावरची गोरमाटी अशा चारही भाषा कानावर पडतात. ख्रिस्ती मिशनांच्या जुन्या नकाशातही हा भाग असाच मधला होता. पश्चिमेला जालन्याचं मराठी मिशन, पूर्वेला निजामाबाद-मेदककडचं तेलुगू मेथडिस्ट मिशन. मिशनांनी आपसात मुलूख वाटून घेतलेले असत, एकाच्या गावात शक्यतो दुसऱ्यानं जायचं नाही, असा त्यांचा संकेत होता. त्यामुळे एखाद्या गावात कुठल्या पंथाची मंडळी उभी राहिली, हे पुष्कळदा तिथल्या लोकांच्या श्रद्धेपेक्षा या वाटणीवर ठरलं.

मिशनविषयी आपल्याकडे दोन उत्तरं तयार असतात. एकाच्या मते ती निखळ सेवा, दुसऱ्याच्या मते धर्मांतराचा कारखाना. दोन्ही बाजूंचे लोक मिशन रोज सकाळी उठून नेमकं करायचं काय, हे मात्र सांगत नाहीत. ते जरा सावकाश पाहू.

पहिली गोष्ट परवानगीची. मराठवाडा निजामाचा, राज्यकारभाराची भाषा आधी फारसी आणि मग उर्दू, त्यामुळे पाद्र्याला मुंबई इलाख्यासारखी मोकळीक नव्हती. म्हणून सुरुवात झाली ती छावणीच्या सावलीत. जालन्याला हैदराबाद कंटिंजंटची फौज होती, तिथे इंग्रज अधिकारी होते. या जालन्यात १८६०च्या दशकात फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचं काम उभं केलं ते कुणा स्कॉटिश माणसानं नव्हे, नारायण शेषाद्री या मराठी ब्राह्मणानं.

शेषाद्रींची हकिकत थोडी थांबून सांगण्यासारखी आहे. मुंबईत स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकताना १८४३मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. धाकटा भाऊ श्रीपत हाही त्या वाटेवर होता. पण तो अजाण, म्हणून कोर्टानं त्याला वडिलांच्या ताब्यात दिलं. पुढे श्रीपतला पुन्हा जातीत घ्यावं की नाही यावर मुंबईत मोठं रण माजलं. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर त्याच्या बाजूनं उभे राहिले आणि त्याबद्दल सनातन्यांचा रोष त्यांनी ओढवून घेतला. नारायणराव मात्र ख्रिस्तीच राहिले, पाळक झाले आणि जालन्याला आले. हैदराबादचे दिवाण सालारजंग यांच्याकडून त्यांनी जालन्याजवळ जमीन मिळवली आणि तिथे नव्या ख्रिस्ती कुटुंबांचं गाव वसवलं. गावाला नाव दिलं बेथेल. १८७३मध्ये ते न्यूयॉर्कला प्रॉटेस्टंट पंथीयांच्या जागतिक परिषदेला गेले, तेही डोक्यावर पागोटं बांधून. १८९१मध्ये समुद्रप्रवासातच त्यांचा अंत झाला.

बेथेलसारखं वेगळं गाव का लागलं? बाप्तिस्मा घेणारे बहुतेक महार आणि मांग. गावगाड्यात त्यांना नेमून दिलेली कामं होती: वेशीची राखण, मेलेली जनावरं ओढणं, जत्रेत ठरलेला मान आणि ठरलेला अपमान. बाप्तिस्म्यानंतर माणूस यातलं काही करायला नाही म्हणाला, की बलुतं बंद, विहीर बंद आणि कधी मारहाणही. मग त्यानं राहायचं कुठं आणि खायचं काय? स्वतंत्र वस्ती हे त्यावरचं एक उत्तर. त्याची किंमतही होती. वस्तीतला माणूस पोटापाण्यासाठी मिशनवर अवलंबून राहायचा, आणि उरलेल्या गावाशी त्याचं बोलणं तुटायचं. म्हणून पुढे बऱ्याच मिशनांनी माणसाला त्याच्याच गावात, त्याच्याच वाड्यात ठेवण्याचा मार्ग धरला. माझ्या मते तो अधिक शहाणपणाचा होता, जरी सोसणं त्यात जास्त होतं.

आता वर्षाचा क्रम. परदेशातून नवा आलेला पाद्री पहिली एक-दोन वर्षं फारसं काही करत नसे. भाषा शिकायची आणि परीक्षा द्यायची. शिकवायला पंडित असायचा, बहुधा ब्राह्मण. तो स्वतः ख्रिस्ती व्हायचा नाही, पगार घ्यायचा आणि साहेबाचा ‘ळ’ घासून घ्यायचा. ही परंपरा थेट विल्यम केरीपासूनची. केरी बंगालात सेरामपूरला बसला होता. तिथे वैजनाथ पंडिताच्या मदतीनं त्यानं १८०५मध्ये मराठीचं व्याकरण छापलं आणि १८११मध्ये मराठी नवा करार काढला. पुस्तकांवर केरीचं नाव राहिलं.

दिवाळी झाली, वाटा वाळल्या, की दौरे सुरू. छकड्यात राहुट्या, औषधांची पेटी, पुस्तकांचा गठ्ठा. मुक्काम गावाबाहेरच्या आमराईत किंवा बारवेजवळ. सकाळी महारवाडा-मांगवाड्यात फेरी. दुपारी राहुटीसमोर औषधं: डोळे आलेले, खरूज, हिवताप. त्याच वेळी बायबल वाचून दाखवणारी बायबल-बाई घरोघर बायकांत बसायची, कारण पुरुष पाद्र्याला तिथे प्रवेश नव्हता. शुभवर्तमानाची छोटी पुस्तकं सहसा फुकट देत नसत, पैसा-दोन पैसे घेत. फुकटचा कागद वाण्याच्या पुडीला जातो, हे त्यांना लवकर कळलं होतं. पावसाळ्यात सगळं बंद, उन्हाळ्यात साहेबाचं बिऱ्हाड थंड हवेच्या ठिकाणी. म्हणजे गावाला गोरा माणूस वर्षातून एखाद-दोन दिवस दिसायचा.

दौऱ्यातली रंगत संध्याकाळी. आधी जादूचा कंदील: दिव्यापुढे रंगवलेल्या काचेच्या पट्ट्या सरकवायच्या आणि ताणलेल्या चादरीवर चित्रं उमटायची. गावानं असं उजेडाचं चित्र कधी पाहिलेलं नसे, त्यामुळे गर्दी हमखास. ती चित्रं मात्र परकी, दाढीवाल्या यहुद्यांची. ऐकणाऱ्याला आपलं वाटेल असं काही लागत होतं, आणि ते सापडलं कीर्तनात. अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये १८६०च्या दशकात याचे प्रयोग सुरू झाले. कृष्णराव रत्नाजी सांगळे हे या प्रकारातलं मोठं नाव. टाळ, मृदंग, मागे धृपद धरणारे साथीदार; आधी नमन, मग पूर्वरंगात एखादा विचार उलगडायचा आणि उत्तररंगात आख्यान लावायचं. आख्यान उधळ्या पुत्राचं असलं, तरी सांगण्याची धाटणी आपल्या हरदासाची. बापाकडून वाटणी मागून घेणारा, शहरात पैसा उडवणारा आणि शेवटी डुकरं राखायची वेळ आलेला मुलगा मराठवाड्यात कुणाला समजावून सांगावा लागत नाही. चर्चमधली परकी चाल लोकांना तोंडपाठ करावी लागायची; ओवी आणि अभंग त्यांच्या तोंडी आधीच होते. पुढे नारायण वामन टिळकांनी १८९५मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि त्यांच्या भजनांनी हे काम शिखराला नेलं. आजही मराठी चर्चमधल्या ‘उपासना संगीता’त टिळक भेटतात.

पाद्री निघून गेला की उरलेलं वर्ष कोण सांभाळायचं? मास्तर. या सगळ्या यंत्रणेतला हा सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत कमी लिहिला गेलेला माणूस. तो बहुधा त्याच जातीतला असायचा, म्हणून वाड्यात राहू शकायचा. निंबाखाली किंवा कुडाच्या खोपटात शाळा: पाढे, मुळाक्षरं, बायबलातली वचनं. रविवारी तोच उपासना चालवायचा. लग्न, मौत, भांडण, सगळीकडे तोच. त्याहून मोठं काम म्हणजे गावाची कागदपत्रं वाचणं. सावकाराच्या खतावर अंगठा करण्याआधी त्यात काय लिहिलंय हे सांगणारा माणूस महारवाड्यात पहिल्यांदाच आला होता. पाटील-सावकारांचा राग बायबलपेक्षा या वाचनावर जास्त असला, तर त्यात नवल नाही. पगार मात्र मोजके रुपये, तोही मिशनच्या पेटीत असतील तेव्हा.

ती पेटी भरायची कशी, हेही यंत्रणेचं अंग. स्कॉटलंड, अमेरिका, इंग्लंडमधल्या साध्या मंडळ्या वर्गणी गोळा करत. त्यांना वर्षाचा अहवाल लागे, त्यात किती बाप्तिस्मे, किती शाळा, किती रोगी, याचे आकडे लागत. सहा-सात वर्षांनी पाद्री वर्षभर मायदेशी जाई आणि तिथे गावोगाव भाषणं देऊन पैसे उभे करी. अशा भाषणात इथलं दैन्य ठळक होणं साहजिक होतं. आपल्याकडच्या माणसाला या अहवालांतून स्वतःचं जे चित्र दिसतं त्यानं तो दुखावतो, आणि मला ते दुखणं रास्त वाटतं. दुष्काळात तर हा प्रश्न आणखी टोकदार झाला. १८७६-७८ आणि १८९९-१९०० या दुष्काळांत मिशनांनी अन्न दिलं, अनाथ मुलं बोर्डिंगात घेतली आणि त्याच काळात बाप्तिस्म्यांचे आकडेही वाढले. भुकेल्या माणसाची श्रद्धा खरी किती, हा संशय विरोधकांनी घेतलाच. काही मिशनरीही तो घेत आणि दुष्काळात बाप्तिस्मा लांबणीवर टाकत.

भोकरच्या लोकांना मिशनचा जवळचा पुरावा पाहायचा असेल तर निजामाबादजवळच्या डिचपल्लीला जावं. इझाबेल केर ही स्कॉटिश डॉक्टर नवऱ्याबरोबर १९०७मध्ये भारतात आली. निजामाबादच्या दवाखान्यात महारोगी यायचे आणि त्यांना ठेवायला जागा नसायची. राजा नरसा गौड या हिंदू गृहस्थानं मोठी देणगी दिली आणि १९१५मध्ये डिचपल्लीचा महारोग दवाखाना उभा राहिला. औषध होतं कडू कवठाच्या जातीच्या बियांचं तेल. त्याची सुई दुखायची आणि वर्षानुवर्षं घ्यावी लागायची. रोग्यांना नुसतं कोंडून न ठेवता शेती आणि बांधकाम त्यांच्याच हातून करून घेतलं जाई. केरबाईंना १९२३मध्ये कैसर-ए-हिंद पदक मिळालं, १९३२मध्ये त्या वारल्या. नंतर तिथे काम केलेले डॉ. जॉन लो पुढे नायजेरियात गेले आणि डॅप्सोनच्या गोळ्या महारोगावर चालतात हे दाखवणाऱ्यांत त्यांचं नाव आलं. म्हणजे आपल्या शेजारच्या आवारात घडलेल्या डॉक्टरचा हात जगभरच्या उपचाराला लागला.

दवाखान्याचा हा धागा आपल्याकडच्या माणसांनीही पुढे नेला. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्यानं १९७०मध्ये बीडच्या हद्दीला लागून असलेल्या जामखेडमध्ये काम सुरू केलं. गावातल्याच, बऱ्याचदा निरक्षर आणि दलित बायकांना त्यांनी आरोग्यसेविका बनवलं. १९७९मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. जुन्या मिशनमधला मास्तर आणि बायबल-बाई इथे नव्या रूपात दिसतात. फरक इतकाच, की या बायकांचं नाव कामाबरोबर घेतलं जातं.

एवढं सगळं होऊनही मराठवाड्यात ख्रिस्ती समाज लहानच राहिला. मध्य अमेरिकेतल्या ग्वातेमालाच्या डोंगरांतल्या माया लोकांशी तुलना केली की कारण उजळतं. तिथे सरकारनंच दार उघडलं. राष्ट्राध्यक्ष हुस्तो रुफिनो बारिओस यांनी १८८२मध्ये प्रॉटेस्टंट पाद्री बोलावून घेतले, कारण त्यांना कॅथलिक चर्चचं वजन कमी करायचं होतं. कॅमरन टाउनसेंड हा तरुण अमेरिकन १९१७मध्ये तिथे स्पॅनिश बायबलं विकायला गेला आणि डोंगरातल्या लोकांची भाषा काकचिकेल असल्याचं पाहून तिथेच थांबला. त्याला वाटा दाखवणारा फ्रान्सिस्को दियास हा काकचिकेल माणूस दोनच वर्षांत हिवतापानं गेला. काकचिकेलमधला नवा करार १९३१मध्ये छापून झाला; टाउनसेंडनं उभारलेली संस्था आज जगभर अशी भाषांतरं करते. नावाचा हिशेब तिथेही केरी-वैजनाथासारखाच. आज ग्वातेमालात इव्हँजेलिकल पंथीय मोठ्या संख्येनं आहेत. त्याच पंथाचे एफ्राइन रिओस मोन्त १९८२-८३मध्ये हुकूमशहा झाले आणि त्यांच्या लष्करानं माया गावं जाळली, हाही त्या इतिहासाचाच भाग.

आपल्याकडे सत्ता निजामाची होती, मिशनची कधीच नव्हती. आणि मुख्य म्हणजे ज्या समाजातून मिशनला माणसं मिळत होती, त्याला आंबेडकरांनी दुसरी वाट दिली. १९३५च्या येवल्याच्या धर्मांतराच्या घोषणेनंतर ते ख्रिस्ती होतील अशी आशा बऱ्याच पाद्र्यांना होती. १४ ऑक्टोबर १९५६ला नागपूरला त्यांनी बौद्ध धम्म स्वीकारला आणि मराठवाड्यातला महार समाज त्यांच्यामागे गेला. त्याआधीच, १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं ख्रिस्ती झालेल्या दलिताला अनुसूचित जातीची सवलत नाकारली गेली होती. शीख दलितांना ती १९५६मध्ये आणि बौद्धांना १९९०मध्ये मिळाली, ख्रिस्त्यांना अजून नाही. म्हणून रविवारी चर्चला जाणाऱ्या काही घरांत दाखल्यावर अजूनही ‘हिंदू’ असतं. त्यांना खोटारडे म्हणण्याआधी हा आदेश वाचावा.

फ्री चर्चची कागदपत्रं आज एडिंबऱ्यात आहेत, अमेरिकन मिशनची हार्वर्डला, मेथडिस्टांची लंडनला. साहेबांची पत्रं तिथे नीट लावून ठेवलेली सापडतात. मास्तरांच्या कीर्तनाच्या वह्या, मोडीतली टिपणं, बायबल-बायांच्या फेऱ्यांच्या नोंदी मात्र सापडल्याच तर आपल्याकडच्या पत्र्याच्या पेट्यांतच सापडतील. जालना, नांदेड, लातूर भागात कुणाच्या घरी अशी वही असेल, तर ती रद्दीत घालू नका. तिची फोटोप्रत काढून जवळच्या महाविद्यालयाच्या मराठी किंवा इतिहास विभागाला द्या, आणि पहिल्या पानावर ती कुणाच्या हातची आहे ते नाव ठळक लिहा.